किती यायला पाहिजे

अनुमान

प्रयोगवहीत अनुमान सगळ्यात शेवटी लिहायचं असतं. आधी उद्देश, मग साहित्य, कृती, निरीक्षण, आणि पान संपत आलं की अनुमान. पण सातवीच्या या वर्गातली पोरं वही उघडली की आधी अनुमान लिहून मोकळी व्हायची, कारण ते पुस्तकात छापलेलंच असायचं. तेव्हा इथेही ते आधीच सांगून टाकलेलं बरं : शास्त्राच्या बाईंना नीट दिसत नव्हतं, आणि वर्गाला ते ठाऊक होतं. वर्गाला ठाऊक आहे हे मात्र बाईंना ठाऊक नव्हतं.

उद्देश

दिसत नव्हतं म्हणजे अंधार नव्हता. डोळ्यांच्या कडांनी बाईंना सगळं दिसायचं. दार, खिडकी, शेवटच्या बाकाखाली हळूच डबा उघडणारा हात. गेलं होतं ते मधलं. ज्याच्याकडे नीट बघावं तेच नेमकं पुसलं जायचं, फळ्याच्या मधोमध कोणी ओला बोळा फिरवावा तसं. माणूस समोर आला की कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा नाही. सरळ रेघेला मधेच पोक यायचं. पोरांना बाई चालीवरून आणि आवाजावरून ओळखायच्या, आणि त्यात इतक्या पटाईत झाल्या होत्या की पोरं म्हणायची, बाईंना पाठीलाही डोळे आहेत. पाठीला असते तर आणखी काय हवं होतं.

"चष्मा बदलून उपयोग नाही हो," डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली होती. "पडद्याचा मधला भाग झिजलाय. आहे तेवढं टिकवू या."

टिकवू या, हे बाईंनी मनावर घेतलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी टिकवायची होती, वर्गात, फळ्यासमोर, शास्त्र शिकवत. दुसरं काही मागणं नव्हतं.

कारण या शाळेची एक रीत होती. जो थकला त्याला वाचनालय. चित्रकलेच्या सरांचा हात थरथरायला लागला, त्यांना वाचनालय दिलं. गाण्याच्या बाईंचा आवाज बसला, त्यांनाही वाचनालय. वाचनालय म्हणजे जिन्याखालची खोली, दोन कपाटं, एक खुर्ची. कपाटांच्या किल्ल्या मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे.

"वाचता येत नाही म्हणून वाचनालय," बाई घरी नवऱ्याला म्हणाल्या. "विनोद म्हणून तरी शाळेचं कौतुक करायला हवं."

नवरा इस्त्री करत होता. त्याने शर्टाची कॉलर उलटी केली. "मग सांगून टाक ना एकदाचं. रोज उठून हे नाटक कशाला? दमतेस किती."

"नाटकाने दमते. शिकवण्याने नाही."

"दोन्ही तूच करतेस ना? मग दमणारी एकच."

बाईंनी उशीवर डोकं टेकलं आणि छताच्या पंख्याकडे बघितलं. पंख्याची पाती दिसली. मधला गोल दिसला नाही.

साहित्य

एक मोजपात्र, शंभर मिलिलीटरचं, काठाचा टवका उडालेलं. एक दोन पारड्यांचा तराजू, ज्याचं डावं पारडं हलकं होतं म्हणून कुठल्याशा जुन्या वर्गाने त्याला खालून च्युइंगम चिकटवलं होतं. तेव्हापासून तो अगदी अचूक होता आणि ते च्युइंगम खरवडायची कोणाची छाती नव्हती. वजनं. पाणी. दोरा. लोखंडाचा एक मोठा नट, काचेची गोटी, मेणबत्तीचा तुकडा. पुस्तकाच्या मागे छापलेला घनतेचा तक्ता. आणि पोरं.

घनता म्हणजे काय, हे बाई दरवर्षी बाकावरून सांगायच्या. "एका बाकावर दोघं बसली तर ऐसपैस. सहा बसली तर कोंबाकोंबी. बाक तेवढाच राहिला. बदललं काय?"

"भांडणं!" भोंगा ओरडला. या पोराचा आवाज असा की मैदानात कोणाला हाक मारायची असली तर शिक्षकही त्यालाच सांगायचे.

"घनता बदलली. तेवढ्याच जागेत जास्त माल भरला."

"आणि बाई, मी एकटाच बसलो तर?"

"तरी कोंबाकोंबीच," मागून कोणीतरी म्हणालं. "तुझा आवाजच चार जागा खातो."

वर्ग हसला. बाईही हसल्या. या अशा पाच मिनिटांसाठी त्या रोज जिना चढायच्या.

कृती

गेल्या वर्षापर्यंत मोजपात्रातलं पाणी बाई स्वतः वाचून दाखवायच्या. या वर्षी पहिल्याच प्रयोगाला त्या वाकल्या, थोडा वेळ थांबल्या, आणि म्हणाल्या, "पन्नास."

पहिल्या बाकावरची मुंगी बघत होती. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी. सतत कुठेतरी निघाल्यासारखी लगबगीची आणि बेरजा-भागाकारात पक्की. पाणी साठच्या वर होतं. मुंगीने तोंड उघडलं. मग मिटलं.

बाईंनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन पद्धत काढली. रोज एक 'वाचक'. वाचकाने पुढे यायचं, मोजपात्राशी वाकायचं आणि आकडा साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असा मोठ्याने सांगायचा. पोरांना हा मान वाटला. वाचक व्हायला भांडणं झाली. बाईंना वाटलं, सुटलो.

पण पोरांना वाचायला कुठे येत होतं? कोणी उभ्यानेच वरून बघायचं, कोणी पाणी हलत असतानाच आकडा सांगून टाकायचं. लोखंडाची घनता पाच निघाली. काचेची चार. एकदा मेणबत्ती पाण्यापेक्षा जड निघाली, आणि ती समोर पाण्यावर डुलत होती.

एरवी बाई नुसत्या जवळ गेल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, अरे, तू वरून बघतोयस, गुडघ्यावर बस, पाण्याची पातळी आणि डोळा एका रेघेत आण. आता चूक कुठे झाली हेच त्यांना दिसत नव्हतं. त्या फक्त म्हणायच्या, "पुन्हा करा." पुन्हा तेच. मग त्या खडू ठेवायच्या, स्टुलावर बसायच्या आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरायच्या.

"रडतायत," भोंगा त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला.

रडत नव्हत्या. नुसत्या दमल्या होत्या. पण दमलेलं माणूस आणि रडणारं माणूस पहिल्या बाकावरून सारखंच दिसतं.

उपाय मुंगीने काढला. मधल्या सुट्टीत तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. नटाचं वस्तुमान तराजूवर कळलं, एकोणचाळीस ग्रॅम. लोखंडाची घनता तक्त्यात दिलेली, सात पूर्णांक आठ. भागाकार केला की आकारमान पाच. म्हणजे पन्नास पाण्यात नट सोडला की पातळी पंचावन्न. "मग वाचायचं कशाला?" मुंगी म्हणाली. "पंचावन्न म्हणायचं."

"आणि खरंच पंचावन्न नसलं तर?" भोंग्याने विचारलं.

"बाईंना थोडंच दिसणार आहे."

हे ती वाईट मनाने बोलली नव्हती.

त्या दिवसापासून वर्गाचं एकही मोजमाप चुकलं नाही. लोखंड सात पूर्णांक आठ, काच अडीच, मेण शून्य पूर्णांक नऊ. वाचक पुढे यायचा, वाकल्यासारखं करायचा आणि घरून ठरवून आणल्यासारखा आकडा सांगायचा. बाईंचे हात डोळ्यांकडे जाईनासे झाले. सगळ्या पोरांना एवढंच हवं होतं.

आकृती

(इथे मोजपात्राची सुबक आकृती काढून भागांना नावं द्यायची असतात. बाई ती फळ्यावर काढायच्या. बाजूच्या रेघा मधेच बाहेर फुगायच्या, त्यामुळे मोजपात्राला पोट सुटल्यासारखं दिसायचं. शेजारी लिहिलेली ओळ चालता चालता खाली घसरायची आणि फळ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडायची. वर्ग मान तिरकी करून उतरवून घ्यायचा. पोरांच्या वह्यांतली मोजपात्रंही पोटाळ होती.)

दक्षता

चूक बाईंचीच. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना त्या बोलून गेल्या, "इतक्या वर्षांत मोजमापाला एवढा पक्का वर्ग पाहिला नाही. पोरं दशांशापर्यंत जातात."

मोठ्या बाईंनी ते ऐकलं. तपासणीचे साहेब येणार होतेच. "मग तुमचाच वर्ग दाखवू," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तुम्ही डोळ्यांत तेल घालून शिकवता."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. बशीची कड चाचपून मगच ठेवला.

मग तयारी. फळ्यावर लिहायचं ते साहेब यायच्या आधीच लिहून ठेवायचं. माणसाच्या कानाकडे बघायचं, म्हणजे चेहरा कडेने दिसतो आणि त्याला वाटतं, आपल्याकडेच बघतायत. नटाचाच प्रयोग करायचा, तो पोरांच्या हातात बसलाय. वाचक मुंगी. सकाळी नवऱ्याने साडीचा पदर नीट करून दिला आणि म्हणाला, "पडलंच उघडं तर पडू दे."

"अपशकुनासारखं बोलू नका."

"बरं. जा. वाट बघतो."

निरीक्षण

साहेब आले ते दमूनच आले. त्या आठवड्यातली त्यांची कितवी शाळा होती कोण जाणे. बसताच त्यांनी एका पायाची टाच बुटातून हळूच मोकळी केली आणि सुटकेस मांडीवर आडवी धरली. त्यांच्यामागे, दाराशी, मोठ्या बाई. बाईंना साहेबांचा कान दिसला, सुटकेसची कडी दिसली.

नट तोलला. एकोणचाळीस. मोजपात्रात पन्नास पाणी. दोऱ्याने नट आत सोडला, डुबुक आवाज आला, आणि आवाज विरायच्या आत मुंगी म्हणाली, "पंचावन्न!"

"घनता?" बाईंनी विचारलं.

"सात पूर्णांक आठ!" सगळा वर्ग.

मोठ्या बाईंनी टाळी वाजवल्यासारखं केलं. साहेब पुढे झुकले होते. ते मोजपात्राच्या अगदी जवळ बसले होते, आणि त्यांना दिसत होतं. पाणी छप्पन्नच्या आसपास अजून डचमळत होतं. मुंगी वाकलीही नव्हती.

सुटकेसच्या कडीत अडकवलेलं लहानसं कुलूप साहेबांनी काढलं, किल्ली खिशात टाकली आणि कुलूप टेबलावर ठेवलं. "छान. आता हे मोजा."

कुलूप तोललं. चोवीस ग्रॅम. नट काढला, पाणी पुन्हा पन्नासला आणलं, कुलूप दोऱ्याने बांधून आत सोडलं. ते तळाला टेकलं.

बाई थांबल्या.

"हं, वाच बाळ," बाई म्हणाल्या.

मुंगीने मोजपात्राकडे बघितलंच नाही. तिने बाईंकडे बघितलं. आणि अगदी खऱ्या अडचणीत सापडलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं, "बाई, किती यायला पाहिजे?"

"म्हणजे?"

"म्हणजे... कुलूप तक्त्यात नाहीये."

"ती म्हणतेय अंदाजे, बाई, अंदाजे!" भोंग्याने सावरायला बघितलं. त्या सावरण्याने उरलंसुरलंही गेलं.

बाईंच्या डोक्यात वर्षभराचे आकडे एकापाठोपाठ एक उभे राहिले. पंचावन्न. अडीच. शून्य पूर्णांक नऊ. एकदाही चुकले नव्हते. मोजलेला आकडा इतका सरळ येत नाही, हे त्यांनीच किती वर्गांना सांगितलं होतं. पोरांना आपलं कळलंय, याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण ती मागाहून आली. आधी आलं ते दुसरंच. नट रोज त्या पाण्यात बुडत होता आणि एकाही पोराने त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आपण न दिसणं लपवत बसलो, आणि त्यापायी धडधाकट डोळ्यांच्या पोरांना न बघायला शिकवलं.

अजूनही निभावता आलं असतं. चौपन्न म्हणायचं, चोवीस भागिले चार, सहा, फळ्यावर लिहायचं, तास संपवायचा. साहेबही दमलेले होते. मोठ्या बाई दाराशी खाकरल्या.

बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. तळवे डोळ्यांकडे निघाले होते, ते त्यांनी मांडीवर ठेवले.

"मुंगे, मला ती रेघ दिसत नाही. वर्षभर दिसलेली नाही. तुला माहीत आहे ना?"

"हो बाई."

"आणखी कोणाकोणाला माहीत आहे? हात वर करा."

कडेकडेने हात वर गेलेले दिसले. डावीकडे, उजवीकडे, खिडकीपाशी. मधले दिसले नाहीत, पण ते असणारच होते.

"बरं," बाई म्हणाल्या. "खाली करा. आता ऐक. किती यायला पाहिजे ते मला माहीत नाही. साहेबांनाही माहीत नाही. काय हो?"

"नाही बुवा," साहेब म्हणाले. "मी कुलूप कधी बुडवलेलं नाही."

"गुडघ्यावर बस. डोळा पाण्याच्या रेघेत आण. काय दिसतंय?"

मुंगी बसली. नाक काचेला लागेल इतकी वाकली.

"पाणी मधे खाली वाकलंय, बाई. वाटीसारखं."

"वाकाचा तळ बघ. तो कुठे आहे?"

"चौपन्न. ...नाही. चौपन्नच्या जरा खाली." मग एकदम, "बाई, हलतंय! खाली येतंय!"

"काहीतरीच," भोंगा म्हणाला आणि बाकावरून उडी मारून आला. त्याच्यामागे आणखी चारजण. "अरे, बुडबुडे! किल्लीच्या भोकातून बुडबुडे येतायत!"

"साडेत्रेपन्न."

"कुठे साडे? तू वरून बघतोस. खाली बस ना गधड्या."

"आता त्रेपन्न. बाई, आता त्रेपन्नच झालं!"

"पाणी कमी कसं होईल? कोणी प्यायलं?"

"कुलूप पितंय," मुंगी हळूच म्हणाली. "आत पोकळ आहे ते. हवा बाहेर येतेय आणि पाणी आत जातंय."

बाई हलल्या नाहीत. टेबलाभोवती डोक्यांची दाटी झाली होती, धक्काबुक्की चालली होती, कोणीतरी कोणाचा पाय तुडवला. त्यांना फक्त कडेची पोरं दिसत होती, सगळी गुडघ्यावर.

निरीक्षण, पुढे चालू

साहेबांनी कुलूप रुमालाने पुसलं आणि झटकलं. आतून पाणी उडालं. त्यांनी किल्ली घातली. ती अर्धी फिरली आणि अडकली.

"गंजणार हे," ते स्वतःशीच म्हणाले. मग बाईंकडे वळले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाई, मला हे लिहावं लागेल."

"लिहा. दिसलं तेवढंच लिहा, म्हणजे झालं."

"दिसलं ते दोन्ही लिहीन, तुमचे डोळे आणि पोरांचेही." त्यांनी बूट टाचेवर चढवला आणि उघड्या कडीची सुटकेस काखेत घेऊन निघाले.

मोठ्या बाई मागे रेंगाळल्या. रागवावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"हो."

"सोमवारी बोलू आपण. तोवर... चालू द्या."

सोमवार म्हणजे जिन्याखालची खोली, हे बाईंना न सांगता कळलं. गाण्याच्या बाईंचाही सोमवारच होता. त्यांना वाटलं होतं, हे ऐकलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. पाय तसेच दुखत होते, मान तशीच अवघडली होती. शीण गेला नव्हता, पण आता दमणारी खरंच एकच उरली होती.

तासाची थोडी मिनिटं शिल्लक होती. पोरं बाकांवर परतली, पण नीट बसली नाहीत. सगळ्यांचं लक्ष बाईंवर.

"बाई, यातला कुठला आकडा लिहायचा?" मुंगीने विचारलं. "चौपन्न, साडेत्रेपन्न की त्रेपन्न?"

"तिन्ही."

"आणि अनुमान?"

"ते आत्ता कोण लिहितंय?"

बाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या, चाचपून खडू घेतला आणि लिहायला लागल्या. पाण्याची पातळी, कुलूप टाकल्याबरोबर, चौपन्नच्या जरा खाली. थोड्या वेळाने, साडेत्रेपन्न. खडू चालत राहिला. वर्गात नेहमीसारख्या माना तिरक्या झाल्या नाहीत. कुजबुज झाली, कोणीतरी कोणाला कोपराने ढोसलं.

"बाई," भोंगा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खरोखरच हळू होता. "ओळ खाली घसरतेय."

खडू थांबला.

"किती?"

"बरीच."

"बरीच म्हणजे किती? पट्टी घेऊन ये. मोजून सांग."

बाक सरकल्याचा आवाज झाला. बाई खडू फळ्याला तसाच टेकवून उभ्या राहिल्या, हात न हलवता, म्हणजे त्याला नीट मोजता यावं.